तपासलं : इंदुमती चौगुले

"बोलू नका," तांबटकाका म्हणाले. "चहा होईल, जेवण होईल, गप्पा तर होतीलच. आधी हे बघा."

आणि त्यांनी पटावरचा पंचा उचलला.

मी अजून चपलासुद्धा धड काढल्या नव्हत्या. गगनबावड्याहून पहाटेची एसटी, कोल्हापूरच्या स्टँडवर तासभर खोळंबा, तिथून कराड. घशाला कोरड पडली होती. चार वर्षं ज्या माणसाशी पोस्टकार्डावर बोलत होते, त्याला मी पहिल्यांदा बघत होते. अक्षरावरून मला वाटलं होतं उंच, शिडशिडीत, तुळतुळीत दाढी केलेला असेल. निघाला बुटका, खांद्यात वाकलेला, आणि दाढी अर्धी राहिलेली. डोळे मात्र माझ्या दोन बोटं शेजारी कुठंतरी रोखलेले. काचबिंदू. त्यांना मी म्हणजे जेमतेम एक सावली दिसत असेन.

"बसा बाई. घाई नको. अकरा वर्षं लागलीत मला. तुम्हाला दोन तास लागले तरी चालतील."

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, गगनबावड्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर. चाळीसेक नंबरांचं एक्स्चेंज. दिवसभर लोकांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची, तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून सांगायचं, तीन मिनिटं झाली. कुणाचं बाळंतपण, कुणाची मयत, कुणाचं भांडण, सगळं माझ्या कानावरून जायचं. चार वर्षांत माझ्यासाठी एक फोन आला, तोही राँग नंबर होता. एकटी बाई, लग्न न झालेली, वर सरकारी नोकरी, म्हणजे गावाला विषयाला तोटा नव्हता. भाऊ दोघं कोल्हापुरात. दिवाळीला जायचे, भाऊबीज करून परत यायचे. ओवाळणीपेक्षा वहिनीचा 'किती दिवस राहणार?' हा प्रश्न जास्त लक्षात राहायचा.

बुद्धिबळ मला अप्पांनी शिकवलं. अप्पा दवाखान्यात कंपाउंडर होते. ते गेले आणि माझ्याशी खेळणारं कुणी उरलं नाही. मग मी 'चौसष्ट घरं' हे सांगलीचं मासिक लावलं, आणि त्याच्या शेवटच्या पानावर मला उलटी कोडी भेटली.

नेहमीच्या कोड्यात पुढची चाल शोधायची असते. उलट्या कोड्यात मागची. पटावर मोहरी मांडलेली असतात आणि विचारलेलं असतं, हे इथवर आलं कसं? कोणतं प्यादं कुठून आलं, कुणी कुणाला कुठे मारलं, जो उंट आज पटावर नाही तो मेला कुठे? खेळणारे शहाणे असावेत अशी अट नसते. खेळ वेड्यांचा असला तरी चालतो, फक्त नियमानं झालेला हवा. मला हा खेळ आवडला, कारण त्याला समोर दुसरा माणूस लागत नाही. म्हणजे असं मला तेव्हा वाटायचं.

त्या पानावरची निम्मी कोडी 'कृ. तांबट, कराड' यांची असायची. एका कोड्याला मी उत्तर पाठवलं आणि सोबत लिहिलं की, यात दुसरी वाटही आहे. कोडं रचणाऱ्यानं एकच वाट ठेवलेली असते. सोडवणाऱ्याला दुसरी सापडली की कोडं मेलं. मला वाटलं, म्हातारा रागावेल. आठ दिवसांनी कार्ड आलं. टायपात बसवल्यासारखं सरळ अक्षर, कारण काकांचं उभं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलं होतं. "बाई, माझं कोडं तुम्ही मारलंत. फार बरं वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी नीट वाचलं. पुढचं पाठवतो."

तेव्हापासून दर पंधरवड्याला एक कार्ड. त्यांचं कोडं येई, माझं उत्तर जाई, मग त्यांचा शेरा. "बरोबर." किंवा "चूक. पुन्हा बघा." बस. ख्यालीखुशाली नाही, घरचे कसे आहेत नाही. तरी पोस्टमन चढावर दिसला की मी दारात येऊन उभी राहायचे. बाकीच्या बाया नवऱ्याच्या पत्रासाठी राहत असतील तशी.

चार वर्षांत त्यांची तीन कोडी मी मारली. तिन्ही वेळा ते खूश झाले. मग त्यांनी एक रीत पाडली. त्यांचं कोडं आधी माझ्याकडे यायचं, मी पास केलं की मासिकाकडे जायचं, आणि खाली बारीक टायपात छापून यायचं : 'तपासलं : इंदुमती चौगुले.' गगनबावड्यात ते वाचणारं कुणी नव्हतं. मी मात्र प्रत्येक अंक उशाशी ठेवायचे. हसायचं असेल तर हसा.

त्या माघात कार्ड आलं. मासिकाचा रौप्यमहोत्सवी अंक पाडव्याला निघणार, मुखपृष्ठावर काकांचं कोडं हवं, असं संपादकांनी कळवलं होतं. "अकरा वर्षांचं काम आहे. कार्डावर मावणारं नाही. डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय, त्याआधी अंकाला द्यायचंय. तुम्ही येऊ शकाल का?" चार वर्षांत कुणी मला 'येऊ शकाल का' असं विचारलं नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

तर मी बसले आणि पट बघितला.

पांढरा राजा आपल्या घरात. कोपऱ्यात त्याचा हत्ती. राजापुढची तिन्ही प्यादी जागची हललेली नाहीत. खाली प्रश्न : पांढऱ्याला किल्लेकोट करता येईल का?

किल्लेकोट म्हणजे एकाच चालीत राजानं हत्तीच्या आडोशाला जाणं, आणि राजा आणि हत्ती दोघंही एकदाही हलले नसतील तरच तो करता येतो. दिसायला दोघंही जागच्या जागी होते. आणि आमच्यात दंडक असा, की राजा हलल्याचं सिद्ध होत नाही तोवर तो हलला नाही असंच धरायचं. म्हणजे सिद्ध करायचं होतं ते हे : हा जो घरात बसलाय, तो एकदा बाहेर जाऊन आलाय.

सोडवायला लागले आणि मला इतका आनंद झाला की मी हसलेच.

"कळतंय?" काकांनी विचारलं.

"थोडं थोडं. राजाशेजारचा उंट नाहीये. पण पुढची प्यादी हललेली नाहीत, म्हणजे त्याला बाहेर पडता आलंच नाही. तो घरातच मेला."

"बरं. मारला कुणी?"

"काळे घोडे दोन्ही जिवंत आहेत, दोघांचेही पाय बांधलेत तुम्ही, ते इथवर आलेच नसणार. म्हणजे हत्तीनं नाहीतर वजिरानं. आणि त्यातल्या कुणीही तिथं येऊन उंट मारला, की शेजारच्या राजाला शह बसतो."

"मग?"

"मग राजानं पळायचं, किंवा राजानंच त्याला मारायचं, किंवा कोपऱ्यातल्या हत्तीनं. काहीही केलं तरी दोघांपैकी एक हललाच. किल्लेकोट गेला."

"शाब्बास. घोडा राहिला. पांढऱ्या घोड्यानं मारलं तर?"

"पांढरे घोडे नाहीतच. काळ्या दोन प्याद्यांनी तिरकं मारून ते आधीच खाल्लेत. ती दोन प्यादी सरकल्याखेरीज काळा वजीर किंवा हत्ती बाहेर पडत नाही. म्हणजे त्यातला कुणी इथं पोचला तेव्हा घोडे संपलेले होते."

काकांनी दोन्ही तळवे मांडीवर आपटले. "हौसाबाई!" ते ओरडले. "पुरण वाटलं का? पाहुणी पास झाली!"

हौसाबाई शेजारीण. काकांची बायको गेल्यापासून दोन वेळचं जेवण त्याच करून द्यायच्या. आतून म्हणाल्या, "वाटतीया की. कवाधरनं इचारताय. पाहुणी येणार म्हणून आठ दिस झालं घर डोक्यावर घेतलंय ह्यांनी."

मी हसत हसत पुन्हा पटाकडे बघितलं. तपासणाऱ्यानं उत्तर सापडल्यावर उठायचं नसतं. तिथून त्याचं काम सुरू होतं.

मेलेल्या मोहऱ्यांच्या डबीतून मी पांढरा घोडा काढला. ती दोन काळी प्यादी मागे नेली आणि एकेक करून पुढे आणली. पहिल्यानं मारलं. वजिराची वाट उघडते का? एका घरापुरती उघडत होती. मग दुसरं प्यादं मारेपर्यंत थांबायचं कशाला? वजीर आधीच निसटू शकत होता. म्हणजे एक पांढरा घोडा अजून जिवंत. वजीर येऊन उंट मारतो, घोडा वजिराला मारतो, आणि तो घोडा मग सावकाश जाऊन दुसऱ्या प्याद्याच्या तोंडी मरतो. राजा हललाच नाही. हत्ती हललाच नाही.

मी घोडा उंटाच्या घरात ठेवून बघितला. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं.

"काका, हे दुसरं प्यादं आधीपासून इथंच होतं?"

"कुठलं? ते होय. ते एक घर मागं होतं. गेल्या दिवाळीत पुढं घेतलं. आधी जरा ओबडधोबड दिसायचं, आता कसं रेखीव बसलंय." त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. "का हो?"

एका घराचा फरक. प्यादं मागं असतं तर फट बंद होती. डोळे अधू झाल्यावर त्यांनी सुबक दिसावं म्हणून एक घर सरकवलं आणि भोक पडलं. नुसतं प्यादं मागं नेऊनही भागलं नसतं, कारण त्या जोरावर त्यांनी बाकीचंही बरंच बदललेलं दिसत होतं. अकरा वर्षांच्या कामाला चार दिवसांत ठिगळ लागणार नव्हतं. आणि चार दिवसांनी कोडं सांगलीला जायचं होतं, त्यानंतर त्यांना ऑपरेशनसाठी मिरजेला.

मी घाईघाईनं घोडा उचलून पटाच्या कडेला ठेवला, प्यादी जागेवर नेली आणि पाणी मागितलं.

पाणी प्यायले. आतून वेलचीचा वास येत होता. काकांनी नवा सदरा घातला होता, घडीच्या रेघा तशाच होत्या. माझ्यासाठी कुणी नवा सदरा घालायची ती पहिलीच वेळ. मला त्या दिवसाचा मोह पडला. दया वगैरे मी नंतर स्वतःला सांगितलं, पण खरं ते हेच. मला ते पुरण हवं होतं, ती दुपार हवी होती.

"दुसरी वाट?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही, काका. निर्दोष आहे."

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "चला, जेवू."

एवढं चांगलं मी त्याआधी जेवले नव्हते. जेवताना ते बायकोबद्दल बोलले, छापखान्यातल्या शिशाच्या वासाबद्दल बोलले. मला म्हणाले, "तुम्ही नसता तर मी हे पटावरच ठेवून मेलो असतो बाई." निघताना हौसाबाईंना त्यांनी बजावलं, "मी मिरजेहून येईपर्यंत पटाला हात लावायचा नाही. पंचा टाकून ठेवा." हौसाबाईंनी माझ्या पिशवीत चार पोळ्या घातल्या. एसटीत मी त्या मांडीवर घेऊन बसले होते आणि मला वाटत होतं, झालं ते बरंच झालं. कुणाला कळणार आहे?

कुणाला कळलं नाहीच. पाडव्याला अंक आला, मुखपृष्ठावर कोडं, खाली माझं नाव. पुढच्या अंकात सहा जणांची उत्तरं छापली, सगळ्यांनी काकांनी आखलेल्याच वाटेनं जाऊन 'करता येणार नाही' म्हटलं होतं. मी काकांना अभिनंदनाचं कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. ऑपरेशन झालं असेल, मी म्हटलं. दुसरं टाकलं. तिसरं टाकलं. पोस्टमन नुसतीच मान हलवून पुढे जायचा.

वैशाखात कार्ड आलं. मी ते आधी ओळखलंच नाही. अक्षरं वेडीवाकडी, ओळीवर ओळ चढलेली. ज्या माणसानं चाळीस वर्षांत एक ओळ वाकडी जाऊ दिली नाही, त्याचं ते लिहिणं. लावायला मला अर्धा तास लागला.

"चौगुलेबाई, डोळे गेले. आता बोटांनी बघतो. घरी आल्यावर पंचा काढून पट चाचपला. पटावरची मोहरी जागच्या जागी होती. मेलेली डबीत. फक्त एक पांढरा घोडा पटाच्या कडेला, उंटाच्या घराच्या खाली उभा. मी तो तिथं ठेवलेला नव्हता. मेलेला घोडा डबीतून कुणी कशाला काढेल? त्याला काहीतरी काम असल्याखेरीज नाही. काय काम असेल ते शोधायला मला नऊ दिवस लागले. तुम्हाला अर्ध्या तासात सापडलं. त्यानंतर तुम्ही प्याद्याबद्दल विचारलंत आणि पाणी मागितलंत. संपादकांना कळवलं आहे की, कोड्यात दुसरी वाट आहे, चूक सर्वस्वी माझी, तपासणाऱ्याची नाही. कृ. तांबट."

त्या दिवशी एक्स्चेंजवर मी दोन माणसांना चुकीची माणसं जोडून दिली. शिव्या खाल्ल्या. त्या शिव्या बऱ्या वाटल्या.

रविवारी मी कराडला गेले. न कळवता.

हौसाबाईंनी दार उघडलं. हसल्या नाहीत, पण आत या म्हणाल्या. काका त्याच जागी बसले होते, पुढ्यात पट. पाऊल वाजलं तशी त्यांनी मान तिरकी केली.

"चौगुलेबाई?"

"हो."

"बसा."

मी बसले. येताना चार तास जे काही जुळवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. "काका, चुकलं माझं," एवढंच म्हटलं.

"तुम्हाला माझी कीव आली."

"कीव नाही. मला... तो दिवस मोडवेना."

"असेल." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "राग नाही धरला मी. तुमच्याआधी बावीस वर्षं कोडी रचत होतो, 'वा वा' म्हणणारे ढीगभर. चुकलं म्हणणारं एकच माणूस मिळालं होतं. बाकी काही नाही."

हौसाबाई उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होत्या.

"दुरुस्त केलंय," काका थोड्या वेळानं म्हणाले. त्यांनी बोटांनी पट माझ्याकडे सरकवला. "प्यादं मागं नेलं. वरच्या बाजूला हत्ती आणि उंट बदलले. बोटांनी जेवढं बघवलं तेवढं बघितलं. दुसरी वाट आहे का बघा."

मी आयुष्यात कुठलंच काम तसं केलं नाही. परीक्षेचा पेपरसुद्धा नाही. प्रत्येक प्यादं मागे नेलं, प्रत्येक घोड्याला विचारलं, तू इथं कसा? एक तास गेला, दीड गेला. हौसाबाईंनी चहा ठेवला, तो गार झाला. मी भोक शोधत होते. खरं सांगते, मला ते सापडायलाच हवं होतं. सापडलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, काका, चुकलं! आणि सगळं पूर्वीसारखं झालं असतं.

नव्हतं. कुठेच नव्हतं. फट बुजली होती, वजीर बाहेर पडायच्या आधी दोन्ही घोडे मरत होते, राजा हललेलाच होता. आंधळ्या माणसानं बोटांनी चाचपत असं काही रचलं होतं, की पहिलं त्याच्यापुढे पोरखेळ वाटावं.

"काका," मी म्हटलं, "दुसरी वाट नाही."

त्यांचं बोट राजाच्या डोक्यावर थांबलं होतं.

"खरंच नाही. मी सगळं तपासलं. प्रत्येक मोहरं. निर्दोष आहे."

"हं."

"देवाशपथ सांगते. अप्पांची शपथ."

"शपथ कशाला घालता बाई?" ते म्हणाले. "तुम्ही खोटं बोलताय असं कुठं म्हणतोय मी? खरं बोलत असाल. पण खरं बोलताय हे मला आता ओळखायचं कसं? डोळे असते तर स्वतः बघितलं असतं."

त्यांनी हात पुढे केला, चाचपत डबी घेतली आणि एकेक मोहरं उचलून तिच्यात टाकायला लागले. आधी प्यादी. मग हत्ती. मी म्हटलं, काका, थांबा, निदान लिहून तर घेऊ, सांगलीला पाठवू. ते म्हणाले, "नको. एकदा चुकीचं छापून झालं." राजा सर्वांत शेवटी टाकला आणि झाकण लावलं.

"साडेचारला कोल्हापूर गाडी आहे तुमची," ते म्हणाले. "मिळेल."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला, कुणालाही देतात तसा. मी बाहेर आले आणि ओट्यावर चपला घालायला लागले. पट्टा नीट लागेना. दार उघडंच होतं.

आतून काकांचा आवाज आला, हळू, मी गेले असं समजून.

"हौसाबाई."

"काय वो?"

"बाई बोलत होत्या तेव्हा तुम्ही बघत होता नव्हं त्यांच्याकडं? चेहरा कसा होता?"

हौसाबाईंनी लसणाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "रडत हुत्या वो. डोळ्यांस्नी धार लागली हुती नुसती."

"रडत होत्या," काका म्हणाले. आणि मग, "रडू दोन्ही वाटांनी येतं, हौसाबाई."